जॅझच्या तबकड्या : ऐकणे आणि जमवणे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आमच्या श्रवण-गटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पांपुढे आजवर कीर्तन झाले, नाट्यसंगीत झाले, अभंगवाणी तर दरवर्षी होते. यंदा जॅझवर बोलायचे ठरल्यावर थोडी कुजबुज झाली, असे आमच्या कानावर आले. एका काकांनी विचारलेही, "ते भोंगे वाजवतात तेच ना?" तेच काका. त्या भोंग्यांबद्दलच आज बोलायचे आहे.

आम्ही पाच-सहा जण आहोत. कोणी सरकारी खात्यात, कोणी बँकेत, एक जण निवृत्त शिक्षक. रविवारी सकाळी जमतो, तबकड्या ऐकतो, चहा पितो आणि भांडतो. त्यामुळे पुढे जी मते येतील ती सगळी एकमताने मंजूर झालेली आहेत, असे समजू नये.

इंदूरच्या माणसाला जॅझ जड जाऊ नये, याबद्दल मात्र आमचे एकमत आहे. ज्या गावात उस्ताद अमीर खाँ साहेब राहिले, ज्याच्या शेजारी देवासला कुमारजींचे घर, त्या गावाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : बंदिश ठरलेली असते, गाणे ठरलेले नसते. जॅझमध्येही तसेच. एक धून असते, पुष्कळदा ३२ बारांची. बहुधा एका बारात चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचे एक आवर्तन धरा. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग एकेक वादक त्याच आवर्तनावर आपले सुचेल ते मांडतो आणि शेवटी धून पुन्हा येते. आपल्यासारखी वाजतगाजत समेवर उडी नसते, पण आवर्तन कुठे फिरले ते प्रत्येकाला ठाऊक असते. फरक एवढाच, की आपल्याकडे तंबोरा एकच षड्ज धरून बसतो आणि त्यांच्याकडे पायाखालची जमीन हलत असते. दर बार-दोन बारांनी स्वरसंगती बदलते आणि वादकाला तिच्याशी जुळवून घेत पुढे जावे लागते. नव्या श्रोत्याची दमछाक होते ती इथे.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर आम्ही लुई आर्मस्ट्राँगचे नाव घेतो. १९२५ ते १९२८ या काळात त्याने बहुतांश शिकागोत, पाच-सात जणांच्या छोट्या ताफ्याबरोबर ध्वनिमुद्रणे केली. त्यातले २८ जून १९२८ चे 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकावे. सुरुवातीची दहा-बारा सेकंदे साथीशिवाय नुसती तुतारी आहे. त्याआधी जॅझ म्हणजे मुख्यतः सगळ्यांनी एकदम वाजवणे. एकट्या कलावंताने पुढे येऊन आपले म्हणणे मांडावे आणि बाकीच्यांनी त्याला आधार द्यावा, ही रीत याच माणसाने पक्की केली. पुढे तो सिनेमात दिसला, हसरा चेहरा आणि खर्जातला आवाज जगाच्या ओळखीचा झाला आणि लोक त्याला विदूषकच समजू लागले. आमच्या मते ही फार मोठी गैरसमजूत आहे. ते तीन मिनिटांचे वादन ऐकल्यावर ती उरत नाही.

तीन मिनिटे म्हटले त्याला कारण आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच चाले. अब्दुल करीम खाँ साहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग कसा उभा केला, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. जॅझवाल्यांनीही तीच शिस्त पाळली. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, ऐसपैस जागा मिळाली आणि पुष्कळांचे पाल्हाळ वाढले, असे आमच्यातला एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो, लाँग प्ले नसती तर कोल्ट्रेन कुठे मावला असता? हे भांडण अजून मिटलेले नाही.

ड्यूक एलिंग्टनबद्दल भांडण नाही. हा माणूस वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिही. तुतारीसाठी रचना नव्हे, कूटी विल्यम्ससाठी रचना. सॅक्सोफोनसाठी नव्हे, जॉनी हॉजेससाठी. आपल्याकडे एखाद्या नटाचा गळा आणि चाल डोळ्यांपुढे ठेवून पद लिहावे, तसे. १९६३ मध्ये एलिंग्टन आपल्या ताफ्यासह भारतात येऊन गेला. त्या दौऱ्यातून पुढे 'फार ईस्ट स्वीट' ही रचना झाली. तिच्या एका भागाच्या नावात दिल्ली आणि मैना दोन्ही आहेत.

याच एलिंग्टनच्या एका तबकडीची गोष्ट जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९५६ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात त्याच्या ताफ्यातल्या पॉल गोन्साल्व्हिस या सॅक्सोफोनवादकाने एका रचनेत सलग २७ आवर्तने वाजवली आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. (आडनावावरून आपल्याला गोवा आठवतो, पण त्याचे आईवडील केप व्हर्दे बेटांवरचे होते.) त्या कार्यक्रमाची तबकडी खूप खपली. परंतु तिच्यातला काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्याला टाळ्या जोडलेल्या होत्या. गोन्साल्व्हिस कंपनीच्या मायक्रोफोनऐवजी रेडिओवाल्यांच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिल्यामुळे त्याचे ते गाजलेले वादन तबकडीवर लांबून आल्यासारखे वाटते. रेडिओची फीत पुढे सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही जोडून खरा कार्यक्रम लोकांसमोर आला. म्हणजे १९५६ ची मूळ तबकडी जपून ठेवणाऱ्यापेक्षा १९९९ ची सीडी घेणाऱ्याच्या कानी त्या रात्रीचे जास्त पडते.

दुसरे उदाहरण माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चे. १९५९ मध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत, कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत हे मुद्रण झाले. ख्याल ऐकणाऱ्यांनी जॅझचा उंबरठा ओलांडायचा तो इथून, अशी आमची शिफारस आहे. कारण इथे जमीन हलायची थांबते. पहिल्याच 'सो व्हॉट' या रचनेत १६ बार एकच स्वरसप्तक आहे. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाटच! पुढचे ८ बार तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटचे ८ बार पुन्हा मूळ जागी येते. माइल्स डेव्हिस जेवढे स्वर वाजवतो, तेवढेच सोडतो. अमीर खाँ साहेबांच्या विलंबितातली शांतता ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या माणसाची जात लगेच ओळखू येईल.

या तबकडीच्या पहिल्या छपाईला बाजारात मोठी किंमत येते. गंमत अशी की मार्चच्या मुद्रणाच्या वेळी एका टेपयंत्राचा वेग बरोबर नव्हता. त्यामुळे जुन्या तबकड्यांची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात वाजते. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची फीत वापरून ती चूक दुरुस्त झाली. पेटी घेऊन बसणाऱ्याला विचारा, त्याला यातले कोणते हवे ते.

आता जे तबकडीवर नाही त्याबद्दल. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन याला जॅझचा आद्यपुरुष म्हणतात. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात नेले. त्याच्या वादनाचे एकही मुद्रण हाती नाही. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी जॅझचा चेहराच बदलला, त्यातली महत्त्वाची वर्षेही तबकडीवर जवळजवळ नाहीत. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १९४२ च्या ऑगस्टपासून मुद्रणावर बहिष्कार घातला होता. तबकडी वाजू लागली की वादकाची रोजी जाते, म्हणून कंपन्यांनी त्याच्यासाठी पैसे बाजूला काढावेत, अशी मागणी होती. शेवटच्या दोन मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये नमल्या. पार्करचे 'को-को' मुद्रित झाले ते १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हा नवे संगीत पुरते तयार झालेले होते. तो ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये गेला. आपण जमवतो तो इतिहासाचा एक तुकडा असतो, एवढे भान राहिले तर संग्राहकाची मान जरा खाली राहते.

आपला या संगीताशी संबंध काय? तबकडीपासूनच सांगतो. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची, आणि लाखेचा जगातला मुख्य पुरवठा भारताचा. पळस-कुसुमाच्या झाडांवरचा किडा लाख करी आणि त्या लाखेवर शिकागोची तुतारी कोरली जाई. युद्धात लाख मिळेना, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. दुसरा संबंध गोव्याचा. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', हे मुंबईत आर्मस्ट्राँगच्या वळणाची तुतारी वाजवत. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यांना बरोबर घेतले. 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) मधली गाणी आजही वरातीत वाजतात, त्यांच्यात हा हात आहे. चित्रपटाच्या नामावलीत मात्र अशा वादकांची नावे क्वचितच येत. ज्यांनी जॅझ आपल्या घराघरात पोहोचवले, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, हे मराठी रसिकाने मनाला लावून घ्यावे असे आम्हाला वाटते.

ज्यांच्या माळ्यावर तबकड्या आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत लाँग प्ले वाकडी होते. ७८ च्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिश करणारा कोणताही सुतार हे सांगेल. ७८ ची सुई जाड आणि लाँग प्लेची बारीक. अदलाबदल केली तर तबकडी जाते. आणि लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला क्रमांक टिपून ठेवावा. लेबल फाटले तरी तबकडीची ओळख त्यावरून पटते.

आता मुख्य विषय, ज्यासाठी कार्यकारिणीकडे वेळ मागितला. आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ काका गेल्या पौषात गेले. मागे चारशेच्या आसपास तबकड्या राहिल्या. त्यांच्या मुलाने एका व्यापाऱ्याला बोलावले. त्याने दीड तासात १८ तबकड्या बाजूला काढल्या, त्यांचा भाव बरा सांगितला आणि बाकीच्या वजनावर नेतो म्हणाला. मुलाने आम्हाला विचारले, "काका, तुम्ही म्हणाल तसे करू." हे ऐकून आमच्यातच दोन तट पडले. एक म्हणाला, आपणच वाटून घेऊ, आपल्याइतकी कदर कोणाला आहे? दुसरा म्हणाला, वाटून घेतल्या की दहा-वीस वर्षांनी आपल्या मुलांपुढे हाच व्यापारी उभा राहील. शेवटी ठरले, की संग्रह फोडायचा नाही.

चार महिने रविवारी बसून यादी केली. काकांनी पाकिटांवर पेन्सिलीने टिपणे केली होती : कधी ऐकली, कोणाबरोबर ऐकली, काय कळले. व्यापाऱ्याने निवडलेल्या तबकड्यांवर फारसे काही लिहिलेले नव्हते. टिपणांनी भरलेले पाकीट निघाले ते आर्मस्ट्राँगच्या एका दमदम छपाईच्या, घासून पांढऱ्या पडलेल्या तबकडीचे. ती वजनाच्या ढिगात होती. टिपणांतल्या नावांपैकी निम्मी माणसे या मंडळातली आहेत. कितीतरी आज हयात नाहीत.

काकू म्हणाल्या, "नातू शिकायला येतोय, मला खोली मोकळी हवी. माणिक वर्मांची तेवढी मला ठेवा, बाकीचे तुम्ही बघा. पण कुलपात घालणार असाल तर नेऊ नका."

म्हणून आमचा प्रस्ताव असा. मंडळाच्या वाचनालयातले आतल्या भिंतीचे कपाट या संग्रहाला मिळावे. यादी आम्ही तयार केली आहे, यंत्राची दुरुस्ती आम्ही करू. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता तबकड्या वाजवल्या जातील आणि ऐकायला कोणीही यावे. तबकडी बाहेर देता येणार नाही, विकता तर मुळीच येणार नाही. काकांची टिपणे पाकिटावरून पुसली जाणार नाहीत आणि नव्या श्रोत्यांची टिपणे वहीत घेतली जातील. हा प्रस्ताव वार्षिक सभेत मांडला जाईल. सभासदांनी त्या दिवशी यावे आणि मत द्यावे, विरोधी असले तरी चालेल.

आणखी एक विनंती. आपल्या घरी अशा तबकड्या असतील, मग त्या जॅझच्या असोत, बालगंधर्वांच्या असोत की कोणाच्याही, तर कबाडीला हाक मारण्याआधी आम्हाला निरोप द्यावा. पैसे देणे आम्हाला जमेलच असे नाही. पण पाकिटावर काय लिहिले आहे, ते आम्ही वाचू.

बाप्पांच्या कृपेने सभेत मंजुरी मिळाली, तर पहिल्या रविवारी 'वेस्ट एंड ब्लूज'ने सुरुवात करू. ती घासलेलीच तबकडी लावणार आहोत. खरखर होईल, पण सुई चार-सहा आवर्ते फिरली की कान आपोआप पलीकडचे ऐकू लागतो.



गणपती बाप्पा मोरया!