रामाचं आडनाव काय?

(मंडळाच्या साहित्य कट्ट्यावर केलेलं भाषण)



'कथा-कादंबऱ्यांतली पात्रं आणि आपले पूर्वग्रह' असा भारदस्त विषय मिळाल्यावर मी आयोजकांना म्हटलं, अहो, मी कॉम्प्युटर इंजिनिअर, माझा साहित्याशी संबंध दिवाळी अंकापुरता. पण मग आठवलं, की या विषयातला एक गुन्हा माझ्या नावावर जमा आहे!

मागे गणपतीत आपण केलेली एकांकिका मी लिहिली होती. तुम्ही भरपूर हसलात. त्यात दोन विनोदी पात्रं होती. एक रामा गडी आणि दुसरा सदा झिंगलेला आयरिश शेजारी. प्रयोगानंतर माझे खरे आयरिश शेजारी, सत्तरीचे गृहस्थ, भजी खाता खाता म्हणाले, "छान झालं. माझ्या वडिलांना लंडनमध्ये हा माणूस रोज भेटायचा." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. वडील तिकडे बांधकामावर मजूर होते. आयुष्यात दारूला शिवले नाहीत. पण आयरिश म्हटला की दारुडा आणि भांडकुदळ, हे लोकांनी आधीच ठरवलेलं.

घरी येऊन मी वाचायला बसलो. इंग्रजी रंगभूमीवर या पात्राला 'स्टेज आयरिशमन' असं नावच पडलं होतं. हे विदूषकी चित्र पुसायचं, या जिद्दीने १८९७ साली येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांनी आयरिश नाट्यचळवळीची घोषणा केली. त्यातूनच पुढे १९०४ मध्ये आपल्या डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं. आणि सव्वाशे वर्षांनी त्याच डब्लिनमध्ये मी तोच दारुडा परत आणला, तोही मराठीत!

हे कसं होतं? आमच्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅममध्ये एखादी व्हॅल्यू आपण भरली नाही, तर डिफॉल्ट व्हॅल्यू आपोआप येते. पात्राचंही तसंच. लेखकाने जिथे विचार केला नाही, ती रिकामी जागा पूर्वग्रह भरून टाकतो. त्याला दुष्टपणा लागतोच असं नाही, आळस पुरतो.

रामाचंच बघा. मुंबईत घरगड्याला सर्रास 'रामा' म्हणत, मग त्याचं खरं नाव काहीही असो. माझा रामा यायचा, बावळटासारखं बोलायचा, हशा घेऊन जायचा. त्याला आडनाव नाही, गाव नाही, घरी मनीऑर्डर पाठवणं नाही.

याउलट १८०० सालची मारिया एजवर्थची 'कॅसल रॅकरेंट' बघा. लेखिका जमीनदाराची मुलगी, पण गोष्ट सांगतो थॅडी नावाचा म्हातारा नोकर. मालकांचे गोडवे गाता गाता तो त्यांची सगळी लक्तरं बाहेर काढतो, आणि शेवटी इस्टेट जाते त्याच्याच मुलाच्या हातात! थॅडी भोळा की बेरकी, यावर वाचक अजून वाद घालतात. नोकर तोच, पण जागा भरलेल्या आहेत.

आपल्याकडेही हे झालंय. ह. ना. आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली. त्यामुळे विधवा म्हणजे नुसती दयेची वस्तू राहिली नाही. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती कळल्यावर मार खातो. इथे घर भाड्याने शोधताना फोनवर आपलं नाव ऐकून समोरचा क्षणभर थांबला, की मला ती कथा आठवते. आणि हेही आठवतं, की पुण्यात आम्ही भाडेकरूला आडनाव विचारायचो ते उगाच नाही.

हे सगळं पुस्तकातच राहतं का? २०२५ च्या जुलैत टॅला भागात नुकत्याच आलेल्या एका भारतीय माणसाला जमावाने मारलं. मुलांशी गैरवर्तन केल्याची अफवा त्याच्यावर चिकटवली होती. ती खोटी निघाली. त्या लोकांना तो माणूस माहीतच नव्हता, पण त्याचं पात्र त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्याच टॅलात काही दिवसांनी त्याच्या पाठिंब्यासाठी शेकडो लोक जमले, हेही मुलांना सांगायला हवं.

असो. ती एकांकिका मी पुन्हा लिहिली आहे. रामा आता दत्ताराम परब आहे, मालवणजवळचा. त्याला मालकाच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत, त्यामुळे हशे उलट वाढलेत! आयरिश शेजारी दारू पीत नाही, पण बागेवरून भांडतो, कारण आमचे खरे शेजारी भांडतात. त्यांना स्क्रिप्ट वाचून दाखवलं. म्हणाले, "हा मीच की! प्रयोगाला येतो, भजी ठेवा."

तुम्हीही या. दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!