दट्ट्याच्या टोकाचं बूच
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलं आहे की प्रत्येकाने आपण काय काम करतो ते दहा मिनिटांत सांगायचं. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बागायतदार आहेत. त्यांचं काम एका शब्दात कळतं. मी रबराची बुचं बनवतो असं सांगितलं की समोरचा माणूस पुढचा प्रश्नच विचारत नाही. आज माईक हातात आहे, तेव्हा सोडत नाही.

इंजेक्शन देताना जो दांडा अंगठ्याने ढकलतात तो दट्ट्या. त्याच्या टोकाला काळं किंवा करडं रबर असतं, ते माझं बूच. त्याच्याकडून अपेक्षा दोनच. औषध मागे गळू द्यायचं नाही, आणि ढकललं की सहज सरकायचं. पण या दोघींचं आपसात पटत नाही. घट्ट बसवावं तर सरकत नाही, सैल करावं तर गळतं. माझी पंचवीस वर्षं या भांडणात मध्यस्थी करण्यात गेली.

हे भांडण आपण सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे. पितळी स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर असायचा. तो सुकला की पंप नुसता खालीवर व्हायचा, हवा भरायची नाही. मग आई दोन थेंब तेल सोडायची. चामडं मऊ होऊन कडेला टेकायचं आणि त्याच तेलावर सरकायचंही. ते तेल थोडं रॉकेलमध्ये उतरलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. माझ्या धंद्यात नेमकं तेच बिघडतं, त्याकडे येतोच.

कंपाउंडर उकळत्या पाण्यातून काढायचे ती काचेची सिरिंज आठवते? तिच्यात रबर नव्हतंच. काचेचा दट्ट्या काचेच्या नळीत घासून बसवलेला असायचा. पुष्कळ सिरिंजवर नळी आणि दट्ट्या दोघांवर एकच क्रमांक असे, कारण एकीचा दट्ट्या दुसरीत नीट बसत नसे. लाखांनी बनवायच्या आणि एकदा वापरून फेकायच्या सिरिंजला असं जोडी लावणं परवडत नाही. तिथे दबून जागा भरून काढणारी वस्तू लागते, म्हणजे रबर.

मी काम करतो ते कारखान्यातूनच औषध भरून येणाऱ्या काचेच्या सिरिंजवर. एक मिलिलिटरच्या लांबट सिरिंजचा आतला व्यास ६.३५ मिलिमीटर असतो. बूच त्याहून साधारण अर्धा मिलिमीटर जाड करतात. आत बसवल्यावर ते बाहेर रेटत राहतं, आणि तो रेटाच गळती थांबवतो. मात्र सगळं अंग काचेला टेकलं तर ढकलणं अवघड, म्हणून अंगावर दोन-तीन वळ्या आणि मध्ये खाचा ठेवायच्या. रबर असतं ते सायकलच्या ट्यूबमधल्या ब्युटाइलच्या भावकीतलं, ब्रोमोब्युटाइल किंवा क्लोरोब्युटाइल. त्यातून हवा आणि वाफ फार कमी जाते. नैसर्गिक रबर जास्त लवचीक खरं, पण त्यातल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते.

आता कोरडं खोडरबर काचेवर दाबून ओढून पाहा. अडतं, उडी मारतं, पुन्हा अडतं. बुचाचंही तसंच होतं, म्हणून नळीला आतून सिलिकॉन तेलाचा पातळ हात देतात. एका सिरिंजला एक मिलिग्रॅमही लागत नाही. भरल्या दिवशी सगळं झकास सरकतं. खरी परीक्षा त्यानंतर. सिरिंज वर्ष-दोन वर्षं फ्रिजमध्ये पडून राहते. वळ्या काचेला दाबून बसलेल्या, त्यांच्याखालचं तेल हळूहळू बाजूला सरतं आणि रबर काचेला धरून बसतं. आमच्या यंत्रावर दट्ट्या एका गतीने ढकलून लागणाऱ्या जोराचा आलेख काढतात. आधी एक टेकडी, मग सपाट पठार. पठार चांगलं आलं की नवशिके खूश होतात. मी टेकडी आधी बघतो.

त्याला कारण माझी मावशी. तिला संधिवात आहे, बोटं वाकडी झालीत. दर पंधरा दिवसांनी ती स्वतःच मांडीवर इंजेक्शन घेते. एकदा म्हणाली, "अरे, तुमचं ते बूच आधी जागचं हलतच नाही, आणि हललं की एकदम पळतं." एका खेपेला त्या धक्क्याने सुई निसटली आणि निम्मं औषध मांडीवरून ओघळलं. ती सिरिंज आमच्याकडची नव्हती. पण तसं सांगून तिला काय उपयोग होता? औषध महागडं, पुढचं इंजेक्शन पंधरा दिवसांनी. तोवर दुखणं तिचं तिलाच.

मग तेल जास्त घाला, असं कुणीही म्हणेल. पण हे तेल औषधात उतरतं. अशी बरीच औषधं म्हणजे प्रथिनं. ती तेलाच्या बारीक थेंबांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होऊ शकतात. १९८०च्या दशकात इन्सुलिनच्या बाटल्या गढूळ होण्यामागे प्लॅस्टिक सिरिंजमधलं हेच तेल असल्याचं लक्षात आलं होतं. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनमधून तेलाचा थेंब आत गेला तर रुग्णाला नजरेसमोर काहीतरी तरंगताना दिसतं.

म्हणून काही ठिकाणी तेलाचा हात देऊन काच सुमारे ३०० अंशांवर भाजतात, म्हणजे थर काचेला धरून राहतो आणि तेलही कमी लागतं. काही ठिकाणी बुचाच्या पुढच्या भागावर फ्लोरोपॉलिमरचा पापुद्रा चढवतात. हा पापुद्रा निसरडा, पण ताठ. त्याला सुरकुती किंवा ओरखडा पडला की तिथूनच गळती. त्यामुळे मागच्या वळ्या उघड्या रबराच्या ठेवाव्यात असं माझं मत आहे. सगळं अंग झाकलेलं बूच दिसायला देखणं असतं, एवढंच.

फार सहज सरकणंही बरं नव्हे. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला आणि खोकं विमानाने गेलं, तर वर दाब कमी होऊन बुडबुडा फुगतो आणि बूच मागे ढकलतो. खाली उतरल्यावर ते पुन्हा पुढे येतं, पण मधल्या काळात मागच्या निर्जंतुक नसलेल्या काचेला टेकून आलेलं असतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

आपल्यातल्या डॉक्टरमंडळींना नवजात बालकांचा कक्ष माहीत आहे. तिथे सिरिंज पंपावर तासाला एक मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी औषध जातं. इतक्या संथ गतीत बूच खोडरबरासारखं अडलं, तर थोडा वेळ बाळाला औषधच नाही आणि मग एकदम जास्त. रक्तदाबाचं औषध असेल तर बाळाचा रक्तदाब तसाच खालीवर होतो. नर्सताई पंप तपासतात, पंप ठीक असतो.

दहा मिनिटं झाली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. बाहेर चहाच्या टेबलावर दोन रिकाम्या सिरिंज ठेवल्या आहेत. सुया नाहीत, घाबरू नका. एकीला तेलाचा हात दिलेला आहे, दुसरी कोरडी आहे. दोन्ही करंगळीने दाबून पाहा आणि कोणती कुठली ते मला सांगा.