वंशावळीतील रिकामे पान
(कळंबोली येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वंशावळ जपण्याची आपल्या लोकांस मोठी हौस. कोण कोणाच्या पोटी जन्मला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु त्याच वहीत स्त्रियांच्या नावापुढे माहेरचे आडनाव व मुलांची संख्या यांपलीकडे सहसा काही आढळत नाही. ती मुले जन्मास येताना त्या माउलीच्या देहावर काय गुजरले, हे लिहून ठेवण्याची रीतच नाही. ही उणीव स्त्रीच्या उतारवयात जिवावर बेतू शकते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

बारसे झाले की बाळंतपण संपले, अशी आपली समजूत. वैद्यकशास्त्र निराळे सांगते. गर्भारपणी जडलेला मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. परंतु अशा स्त्रीस पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतर स्त्रियांच्या मानाने सुमारे सातपट असतो. गर्भारपणी रक्तदाब चढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली असतील, तर पुढे हृदयविकार व पक्षाघात यांचे भय सुमारे दुप्पट होते. पाळी चाळिशीच्या आत गेली, तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. उलट, मुलास अंगावर पाजल्याने स्तनाच्या कर्करोगाचा संभव काहीसा घटतो.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, शंभरांतील ९२ स्त्रियांस काही ना काही स्त्रीरोग होता. पूर्वी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ होत्या. दुखणे घरोघर होते, पण ते बोलण्याची सोय नव्हती.

दुखणे दडपल्याचा शेवट कित्येकदा शस्त्रक्रियेत होतो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. “पिशवी काढली की कटकट मिटली,” हे वाक्य आपल्या घरांतूनही ऐकू येते. ती शस्त्रक्रिया कधी अटळ असते, हे खरे. परंतु तरुणपणी बीजांडकोशही काढले गेले, तर अकाली पाळी गेल्याचे सारे परिणाम भोगावे लागतात.

कळंबोलीच्या शेजारी कामोठ्यास आज वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. परंतु साठीच्या स्त्रीस डॉक्टरांनी “गर्भारपणी रक्तदाब वाढला होता काय?” असे विचारले, तर उत्तर कोण देणार? पती गप्प, मुलगा अनभिज्ञ.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक घरी स्त्रीच्या नावे एक पान राखावे. पाळी येण्याचे व जाण्याचे वय, सर्व गर्भारपणे, गर्भपातसुद्धा, त्या काळातील साखर व रक्तदाब, शस्त्रक्रिया कोणती झाली, बीजांडकोश ठेवले की काढले, हे त्यावर लिहावे. गर्भारपणी साखर वाढलेल्या स्त्रीने प्रसूतीनंतर दोन-तीन महिन्यांत व पुढेही ठरावीक काळाने ती तपासून घ्यावी.

मात्र हे पान तिच्याच स्वाधीन असावे. सुनेस उणे बोलण्यासाठी वा मुलीचे स्थळ मोडण्यासाठी ते कोणी उघडू नये. तसे झाले, तर कोणतीही शहाणी स्त्री त्यावर अक्षर लिहिणार नाही, आणि पान पूर्ववत् रिकामेच राहील.