वांगे आपले, रीत चिनी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्वयंपाकाविषयी बोला असे मंडळाने सुचविले, म्हणून वांग्याचाच विषय घेतला आहे. मात्र हे वांगे चिनी पद्धतीचे, डुकराचा खिमा घातलेले आणि चांगले झणझणीत! कोणी पदर नाकाला लावला तोही मी पाहिला. ज्या घरी हे मांस वर्ज्य आहे तेथे बकऱ्याचा खिमा घ्यावा. शाकाहारी घरी सोयाबीनचा चुरा गरम पाण्यात भिजवून, पिळून घ्यावा. चव तीच राहते.

वांग्याची चीनशी ओळख फार जुनी. इसवी सनापूर्वी ५९ साली तिकडच्या लिखाणात त्याचा उल्लेख सापडतो. मिरची मात्र दोघांकडेही पाहुणीच. ती मूळची अमेरिकेची, सोळाव्या शतकात इकडे आली. चीनच्या सिचुआन प्रांतात मिरची, आले, लसूण, साखर आणि व्हिनेगर यांची जी चव बसली, तिला 'माशाच्या वासाची' म्हणतात. गंमत अशी, की तीत मासा मुळीच नसतो!

आता कृती. फुलसावंगीच्या बाजारात मिळतील तशी लांबट, कोवळी वांगी अर्धा किलो घ्यावी. वांगे तेल फार पिते. म्हणून बोटाएवढ्या फोडी करून आधी दहा मिनिटे वाफवून घ्याव्या. कढईत तीन चमचे तेल तापवून दीडशे ग्रॅम खिमा मोकळा परतावा. डुकराचे मांस कच्चे राहता कामा नये, त्यातून पोटात जंत जाण्याचे भय असते. गुलाबी रंग पूर्ण जाऊ द्यावा. मग आठ-दहा लसूणपाकळ्या, बोटभर आले आणि पाच सुक्या मिरच्या ठेचून घालाव्या. वास सुटला की दोन चमचे सोया सॉस, एकेक चमचा व्हिनेगर व साखर आणि वांगी घालावी. सोया सॉस खारट असतो, तेव्हा मीठ चाखूनच घालावे. शेवटी चमचाभर कॉर्नफ्लॉवर अर्धी वाटी पाण्यात कालवून ओतावे. रस दाटला की उतरवावे. भाताशी उत्तम, भाकरीशीही वाईट नाही.

भगिनींनो, आता या पातेल्याचा हिशेब पाहा. दीडशे ग्रॅम खिम्यात पाच-सहा माणसे जेवतात. आपल्याकडे रस्सा झाला, की तुकडे मोजून वाढले जातात. आधी पुरुषमंडळी, मग मुले. शेवटी बसणारीच्या ताटात उरतो तो नुसता रस्सा. या भाजीत खिमा फोडीफोडीला लागलेला असतो, तो निवडून कोणाला वाढता येत नाही. शेवटच्या वाटीतही पहिल्या वाटीइतकाच येतो.

ही गोष्ट जिभेपुरती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मांसातले लोह शरीराला लवकर लागते. ते आणायला पैसे आपण मोजायचे, शिजवायला धुरात आपण बसायचे, आणि ते आपल्याच ताटात येऊ नये, हे कसे?

तरीही पातेलेच रिकामे झाले तर चिनी रीत काय करील! म्हणून एवढेच सांगते: वाढायला घेण्याआधी आपली वाटी भरून झाकून ठेवा. सासूबाईंची, सुनेची, लेकीचीही ठेवा. कोणी विचारले तर मंडळाने सांगितले म्हणा.