आधी त्यांना खाऊ द्या, फोटो मग

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या बचत गटातल्या बाया. आम्ही तिसऱ्या काढतो, कालवं फोडतो आणि थंडीच्या दिवसांत पाहुण्यांना होडीतून खाडी दाखवतो. आज बोलायचंय ते पक्ष्यांचे फोटो काढण्याबद्दल. हसू नका हं! मोठा कॅमेरा आमच्याकडेही नाही. सगळ्यांत मिळून दोन बरे मोबाइल, एवढंच आमचं भांडवल.

पहिल्या वर्षी आमच्या फोटोत बगळा म्हणजे पांढरा डाग आणि खंड्या म्हणजे काळा ठिपका. चूक साधी होती. आम्ही उन्हाकडे तोंड करून फोटो काढत होतो. ऊन आपल्या पाठीवर हवं. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली, की समजायचं जागा बरोबर आहे. दिवस उगवल्यावरचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास चांगले. भर दुपारी पाणी इतकं चकाकतं की काही म्हणता काही दिसत नाही.

बगळा पांढराशुभ्र, त्यामुळे उन्हात त्याची पिसं दिसतच नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर त्याच्यावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाइलमध्ये बाजूला सूर्याची छोटी खूण येते. ती जरा खाली ओढा. फोटो थोडा काळसर होतो, पण पिसं उमटतात. काळ्या पाणकावळ्यासाठी ती खूण जरा वर न्या. शिकायला सुरुवात करायची तर पाणकावळ्यापासूनच करा. बुडी मारून आला की पंख पसरून बराच वेळ उन्हात वाळवत बसतो, बिचारा! खंड्याच्या मागे धावू नका. तो पुन्हा पुन्हा त्याच खुंटावर येतो. खुंट हेरा आणि वाट बघा.

आता गुपित सांगतो, आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. पक्षी कधी भेटणार ते सुकती ठरवते. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, आणि त्यातले किडे, शिंपले खायला पक्षी उतरतात. आपल्या आज्या तिथीची पाऊणपट करायच्या, आठवतं? द्वितीयेला दोनाचे पाऊणपट दीड. म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, साडेसातला सुकती. म्हणून द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध असो की वद्य, सकाळचं कोवळं ऊन आणि उघडा चिखल दोन्ही एकदम मिळतात. तेव्हा तुतवार शेपटी खालीवर करत फिरतो. चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो, टोच मारतो. तो थांबला की बटण दाबायचं. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चालत असतो.

आता आमची एक चूक सांगतो. एका पाहुण्याला कुरवांचा थवा उडताना हवा होता. त्याने वरचे पैसे देऊ केले. आम्ही होडी थव्यात घातली. थवा उठला, बसला. पुन्हा होडी घातली, पुन्हा उठला. असं चार वेळा झालं. फोटो छान आले, पाहुणा खूश. होडीत आमच्यातल्या सर्वांत वयस्क काकी बसल्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, "आधी त्यांका खावंदेत गो, फोटो मगे."

त्या रात्री गटाची बैठक झाली. हे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी अंडी घालतात आणि थंडीत आपल्याकडे येतात. परत जायचं तर अंगात चरबी साठवावी लागते. आपण उगाच उडवलं की साठवलेलं खर्च होतं आणि खायचा वेळही जातो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला आपण जेवणाच्या ताटावरून उठवतो का? आणि पक्षी यायचे थांबले, तर होडीत बसणार तरी कोण?

काहीजणी म्हणाल्या, पैसे बुडतील. खरंच, पुढे दोन पाहुणे रागावून गेले. तरी नियम केला. पक्ष्यांच्या जवळ इंजिन बंद, फक्त वल्हं. पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली, की तीच आपली हद्द, तिथून होडी मागे. खडा मारायचा नाही, टाळी वाजवायची नाही, घरट्याजवळ जायचं नाही. आता पाहुणा होडीत बसायच्या आधीच हे सांगतो. बहुतेक जण ऐकतात. गंमत म्हणजे, गप्प बसलं की पक्षीच चरत चरत जवळ येतात.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यात तुमच्या गटानेही एक सकाळ खाडीवर, नाहीतर गावच्या तळ्यावर काढा. फोटोखाली तारीख, तिथी आणि जागा लिहा. पुढच्या वर्षी कोण आलं, कोण नाही आलं, ते त्यावरूनच कळेल.

काकींनीही परवा मोबाइल हातात घेतला. शेकाट्याचं डोकं फोटोबाहेर राहिलं, नुसते पाय आले. पण तो चरत होता. आम्ही तोच फोटो गटाच्या वहीत पहिल्या पानावर लावलाय.

चला, सुकती लागायची वेळ झाली. येतो आम्ही. नमस्कार!