पाणी निवळलं, मीठ कुठं गेलं?

(धुळे जिल्हा बैठकीतील भाषण)



पांझरेत जे सोडलं जातं ते मुडावदला तापीत जाऊन मिळतं, आणि वाटेत काठच्या विहिरींत मुरतं. म्हणून कारखानदार जेव्हा सांगतो, 'आम्ही विजेवर सांडपाणी शुद्ध करतो', तेव्हा ती वीज नेमकं काय करते हे आपण समजून घ्यायला हवं. ही विद्या काही अवघड नाही.

टाकीत लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे उभे करतात आणि डीसी करंट सोडतात. पत्रा झिजतो, पाण्यात त्याचा चिकट साका होतो. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसंच हे. तुरटीतही ॲल्युमिनियमच असतं. रंग, तेल, बारीक गाळ साक्याला चिकटून खाली बसतो, नाहीतर हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर वर येतो. कापड रंगवलेलं पाणी यानं उजळतं. मळीपासून अल्कोहोल काढताना एका लिटरमागे 10 ते 15 लिटर तपकिरी स्पेंटवॉश निघतो, त्याचाही रंग बराच उतरतो. पद्धत खोटी नाही.

पण मीठ? विरघळलेलं सोडियम आणि क्लोराइड त्या साक्याला चिकटत नाही. पाणी आरशासारखं दिसेल आणि आपली काळी जमीन तरीही चोपण होईल. सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं. तेव्हा बाटलीतलं निवळ पाणी पाहून भुलायचं नाही. रिपोर्टात बीओडी तर बघाच, पण क्षारांचा आकडा आणि सोडियमचं प्रमाणही मागा. सरकारी नियमात नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला 30 मिलिग्रॅम, शेतीला सोडायचं असेल तर 100! जमीन पचवते म्हणे.

यंत्र खरंच चालतं का, हे ओळखायला फॅरेडेचं गणित पुरे. 1000 अँपिअर करंट तासभर चालला की सुमारे 1 किलो लोखंड विरघळतं. 10 व्होल्टवर त्याला 10 युनिट वीज लागते. वर्षभर यंत्र चाललं म्हणता, तर पत्रे किती घेतले? बिल दाखवा. शुद्धीकरणाचा वेगळा मीटर आहे का? निघालेला साका कुठं टाकला? आपण रात्री विजेची वाट बघत जागतो. यांच्या यंत्राचं बटण मात्र रात्रीच बंद होत असेल, तर मीटर ते सांगेल.

1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाला हे प्रश्न लेखी विचारायचे आहेत. अर्जाचा मसुदा बाहेर टेबलावर आहे. ज्यांच्या विहिरीचं पाणी बदललंय त्यांनी गट नंबर आणि कोणत्या महिन्यापासून बदललं ते लिहून, सही करूनच घरी जावं.