आपला दूरध्वनी ‘स्पॅम’ ठरू नये म्हणून

(चिटगुप्पा येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या भागातील एका शेतकऱ्याची हकीकत प्रथम सांगतो. गारपिटीने त्याचा हरभरा झोपला. पीकविम्याच्या नियमानुसार अशा स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावयाची असते. ती त्याने वेळेवर दिली. पुढे पाहणीस येणाऱ्या माणसाने त्याला तीन वेळा दूरध्वनी केला. तिन्ही वेळा मोबाईलच्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘स्पॅम’ असे उमटले आणि त्याने तो घेतला नाही. पाहणी करणारा पुढच्या गावी निघून गेला. तो परत आला तोवर शेत नांगरून झाले होते.

यात शेतकऱ्याची चूक होती असे मी म्हणणार नाही. कर्जाच्या, बक्षिसांच्या आणि अलीकडे सरळसरळ फसवणुकीच्या दूरध्वनींनी लोक एवढे गांजले आहेत की लाल शिक्का दिसताच हात आखडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रामाणिक माणसाच्या क्रमांकावर हा शिक्का बसतो कसा, आणि तो बसू नये म्हणून काय करावे, हा आजचा माझा विषय आहे. येथे अडत दुकानदार आहेत, कृषी सेवा केंद्राचे चालक आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत. आपणां सर्वांनाच दिवसाकाठी अनोळखी माणसांना दूरध्वनी करावे लागतात.

या बाबतीत आमच्याच कार्यालयाचा अनुभव प्रांजळपणे सांगतो. एका कार्यक्रमाचे निमंत्रण देण्यासाठी आमच्या लिपिकाने एका सकाळीच सुमारे दोनशे जणांना एकाच मोबाईलवरून दूरध्वनी केले. “उद्या अकराला या” एवढेच बोलून तो ठेवून देत असे. संध्याकाळपर्यंत आमचा क्रमांक अनेकांच्या मोबाईलवर स्पॅम म्हणून दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सभागृहात खुर्च्याच अधिक होत्या.

असे का झाले? हा शिक्का मारणारी कचेरी एक नाही. पहिली म्हणजे ट्रूकॉलरसारखी सोय. स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या या कंपनीचा सर्वांत मोठा ग्राहकवर्ग आज भारतात आहे. तेथे मुख्यतः लोकांच्या तक्रारींवरून क्रमांकाची पत ठरते. दुसरी, मोबाईलमध्ये आधीपासून असलेली दूरध्वनीची व्यवस्था. तिसरी, दूरध्वनी कंपनीचे जाळे. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या जाळ्यातच संशयित दूरध्वनी ओळखण्याची यंत्रणा बसविली आहे. आपण काय बोलतो हे पाहून नव्हे, तर एका क्रमांकावरून किती वेळा, किती भराभर आणि किती वेळापुरते दूरध्वनी जातात यावरून ती अंदाज बांधते. आमच्या लिपिकाची सकाळ तिच्या दृष्टीने जाहिरातवाल्याच्या सकाळीहून वेगळी नव्हती. या तिन्हींच्या वह्या निरनिराळ्या आहेत. एकीतले नाव पुसले म्हणून दुसरीतले पुसले जात नाही.

आपल्या चिटगुप्प्यासारख्या ठिकाणी यात आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. पूर्वी हुमनाबाद तालुक्यात असलेले आणि आता स्वतः तालुक्याचे ठाणे झालेले हे गाव तीन भाषांचे आहे. दूरध्वनी करणारा कन्नडमध्ये सुरुवात करतो, ऐकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना मराठीच कळते, शेजारच्या घरी उर्दू. उदगीरच्या व्यापाऱ्याचे मराठी येथील कन्नड घरात तितकेच अडते. चार-पाच सेकंदांत बोलणे तुटते. अशी तुटलेली बोलणी साठत गेली की यंत्राचा संशय वाढतो, आणि कंटाळलेला एखादा माणूस तक्रारीचे बटण दाबतो. म्हणून आमच्या कार्यालयात आता यादीत प्रत्येक नावासमोर घरची भाषा लिहून ठेवतो. पहिले वाक्य त्या भाषेत, आणि त्या वाक्यात आपले नाव, गाव व काम. ज्याला दुसरी भाषा बोलता येत नाही त्याने निदान एवढे एक वाक्य पाठ करावे.

आता कायद्याची बाजू. व्यापाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपल्या साध्या दहा आकडी क्रमांकावरून मालाची जाहिरात करीत सुटणे हा नियमभंग आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे जाहिरातीच्या दूरध्वनीसाठी नोंदणी करून १४० ने सुरू होणारा क्रमांक घ्यावा लागतो. १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने नियम कडक झाले. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी नोंदणी नसलेल्याविरुद्ध कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या नियमभंगास जाणारे दूरध्वनी १५ दिवस बंद, पुन्हा तसेच घडल्यास सर्व जोडण्या एका वर्षासाठी तोडल्या जातात. म्हणजे “नवे बियाणे आले आहे, घ्यायला या” असे गावभर सांगणारा दुकानदार उद्या “तुमचे खत आले आहे, घेऊन जा” हे सांगण्याचा मार्गही गमावू शकतो. ज्याने माल मागविला आहे त्याला कळविणे वेगळे आणि ज्याने काहीच विचारले नाही त्याच्या मागे लागणे वेगळे.

बँका, विमा आणि शासकीय संस्थांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका ठेवली आहे. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ रोजी बँकांना तशा सूचना दिल्या. त्यानंतर प्राधिकरणाने व्यापारी बँकांसाठी १ जानेवारी २०२६ आणि सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांसाठी १ मार्च २०२६ ही मुदत ठरविली. १६०० दिसले तर तो दूरध्वनी घ्यावा. मात्र गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, त्यावरही सांगू नये.

लहान माणसाला ही मालिका मिळत नाही. त्याने काय करावे? कामाचा क्रमांक घरच्या क्रमांकापासून वेगळा ठेवावा आणि तो वारंवार बदलू नये. पावतीवर, दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तो छापावा आणि गिऱ्हाइकाकडून, पालकाकडून समोरच तो नावानिशी साठवून घ्यावा. साठविलेल्या क्रमांकावर सहसा शिक्का दिसतच नाही; सर्व उपायांत हा स्वस्त आणि खात्रीचा आहे. पुष्कळांना कळवायचे असेल तर काम दोन-तीन दिवसांत विभागावे. न उचलणाऱ्यास लागोपाठ चार वेळा लावू नये. “मी अमुक, तमुक कामासाठी दूरध्वनी करीत आहे” असा संदेश आधी पाठवावा.

नवे सिम घेतल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्यास दिला जाऊ शकतो. आधीच्या मालकाची बदनामी त्याबरोबर आपल्या दारी येते. तेव्हा पाटी रंगविण्यापूर्वी दोन-चार निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाईलवर तो क्रमांक कसा दिसतो ते पाहून घ्यावे. शिवाय सिम कोणाच्या नावावर आहे हेही तपासावे. दूरध्वनी करणाऱ्याचे नोंदणीतील नाव पडद्यावर दिसावे अशी शिफारस प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. ती सोय जेथे लागू होईल तेथे भाच्याच्या नावाचे सिम दुकानात वापरणाऱ्याचे गिऱ्हाईक भलतेच नाव वाचून गोंधळेल.

ऐकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. खरोखर त्रास देणाऱ्याची तक्रार १९०९ वर सात दिवसांच्या आत अवश्य करावी. फसवणुकीने पैसे गेले असल्यास १९३० वर तात्काळ कळवावे. पण वसुलीला आलेल्या उधारीवाल्याचा किंवा मुलाच्या गैरहजेरीविषयी विचारणाऱ्या गुरुजींचा राग आला म्हणून ‘स्पॅम’चे बटण दाबू नये. त्याच गुरुजींचा दूरध्वनी उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत सांगण्यासाठी येईल आणि शेजाऱ्याच्या मोबाईलवर तो लाल दिसेल.

आमच्या कार्यालयाच्या क्रमांकाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. ट्रूकॉलरवर आम्ही कार्यालयाचे खरे नाव नोंदविले, ओळखीच्या शिक्षकांना ‘हा स्पॅम नाही’ असे कळविण्याची विनंती केली, दूरध्वनी कंपनीकडे लेखी अर्ज दिला. बऱ्याच ठिकाणी शिक्का गेला. काही मोबाईलवर तो अजूनही दिसतो. म्हणून आज आपणांस निमंत्रण देताना प्रत्येक शाळेत एक पोस्टकार्डही पाठविले होते.